घरातलं माणूस उपचाराला तयार नसेल तेव्हा: ठाणे-नवी मुंबईतल्या घरच्यांसाठी

माझा धाकटा भाऊ महापेच्या एका कंपनीत नोकरीला होता. कळव्याहून ठाणे, तिथून ट्रान्स-हार्बरची गाडी, घणसोलीला उतरून रिक्षा. एका पावसाळ्यात त्याने गाडीत बसणंच सोडलं. डब्यातली माणसं आपल्याबद्दल बोलतात, असं तो म्हणायला लागला. मग रात्रीची झोप गेली आणि मोबाइलच्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टी आली. आईच्या हातचं जेवणही आधी तिला दोन घास खायला लावून मगच तो खायचा. डॉक्टरांचं नाव काढलं की एकच उत्तर: "मला काही झालेलं नाही, तुम्हीच जाऊन या."

खरं तर आम्हीच आधी जायला हवं होतं. हे कळायला आम्हाला सात महिने लागले. त्या महिन्यांत आम्ही त्याच्याशी खोटं बोललो, त्याला घरातून उचलून नेऊ दिलं आणि त्याचा विश्वास गमावला. तो परत मिळवायला आजाराशी लढण्यापेक्षा जास्त दिवस गेले. मी डॉक्टर नाही, त्याची मोठी बहीण आहे. ऐरोलीत राहते. आम्हाला जे उशिरा समजलं ते तुम्हाला आज समजावं म्हणून हे लिहिते आहे.

१. आधी ठरवा: आज रात्रीच धोका आहे का?

पुढचं सगळं वाचायला वेळ आहे की नाही, हे यावरून ठरतं. मरणाची भाषा, निरोप घेतल्यासारखं बोलणं, आवडत्या वस्तू वाटून टाकणं, अंगावर धावून जाणं, 'अमुक कर' असं सांगणारे आवाज ऐकू येणं, दोन-तीन दिवस अन्नपाणी न घेणं. यातलं काहीही असेल तर थेट सातव्या मुद्द्यावर जा.

मनात शंका असेल तर सरळ विचारा, "जीव नकोसा झालाय का? मरावंसं वाटतं का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट कोणीतरी विचारलं म्हणून माणूस मोकळा होतो. उत्तर 'हो' आलं तर त्याला एकटं सोडू नका. घरातली औषधं आणि कीटकनाशकं त्याच दिवशी कुलपात ठेवा. १४४१६ हा टेलि-मानसचा क्रमांक फ्रिजवर चिकटवून ठेवा. केंद्र सरकारची ही मोफत सेवा १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. ती चोवीस तास चालते आणि मराठीतून बोलता येतं. फोन पेशंटनेच करायला हवा असं नाही, घरच्यांनी केला तरी चालतो.

दोन प्रसंगांत मात्र मनोविकारतज्ज्ञाच्या आधी साध्या हॉस्पिटलची कॅज्युअल्टी गाठा. पहिला प्रसंग म्हणजे कालपर्यंत बऱ्या असलेल्या माणसाला, विशेषतः वयस्कर माणसाला, एक-दोन दिवसांत एकाएकी भ्रम होणं, ताप असणं किंवा डोक्याला मार लागलेला असणं. दुसरा म्हणजे रोज दारू पिणाऱ्याने ती एकदम बंद करणं. दोन-तीन दिवसांत हात थरथरायला लागले, घाम फुटला, भास व्हायला लागले, फिट आली, तर त्यात जीव जाऊ शकतो. "घरात कोंडून ठेवा, चार दिवसांत उतरेल" असं सांगणाऱ्यांचं अजिबात ऐकू नका.

२. एक वही घाला

"विचित्र वागतो" या वाक्यातून डॉक्टरांना काहीच कळत नाही. "मंगळवारी पहाटे तीनला उठून सगळ्या खिडक्या लावल्या, वरच्या मजल्यावरून आपल्यावर नजर ठेवतात म्हणाला, सकाळी आंघोळ केली नाही" यातून बरंच कळतं. झोपेचे तास, जेवण, आंघोळ, कामावर गेला की नाही, पैसे उधळले का, दारू-गांजा-तंबाखू, कोणतं औषध चालू होतं, हे तारखेसकट लिहा. कधीपासून बदल दिसायला लागला, ते आठवून पहिल्या पानावर लिहा.

घरात पूर्वी कोणाला असं काही झालं होतं का, हेही विचारून घ्या. आमच्या आजोबांचे एक भाऊ 'फार तापट होते' एवढंच आम्हाला माहीत होतं. ते दोन वर्षं येरवड्याच्या मनोरुग्णालयात होते, हे आत्याने मी वही घेऊन समोर बसले तेव्हा सांगितलं. आत्याला दोष देत नाही. पण डॉक्टरांनी ती एक ओळ ऐकून तीन प्रश्न जास्त विचारले.

वही त्याच्या हाती लागेल अशी ठेवू नका. आणि त्यात लिहिताना असं लिहा की कधी त्याने वाचलीच, तर अपमान वाटू नये.

३. त्याच्याआधी तुम्ही डॉक्टरांना भेटा

पेशंट येत नाही म्हणून अपॉइंटमेंट रद्द करू नका. "पेशंट तयार नाही, आम्ही घरचे येतो" असं रिसेप्शनला सांगून वेळ घ्या. बहुतेक मनोविकारतज्ज्ञ असं भेटतात. पेशंटला न पाहता ते औषध देणार नाहीत आणि तो आग्रह धरायचाही नाही. पण हे कशासारखं दिसतंय, किती घाई आहे, घरी कसं बोलायचं, घरी येऊन पाहणारं कोणी आहे का, हे सगळं त्या अर्ध्या तासात कळतं. आमच्या बाबांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं की पोरगा नाटक करत नाही.

कोण काय करतं, याचा गोंधळ फार होतो. मनोविकारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएसनंतर मानसोपचारात एम.डी., डी.एन.बी. किंवा डी.पी.एम. केलेले डॉक्टर. औषध तेच देतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट चाचण्या आणि थेरपी करतात, त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते, ती विचारायला संकोचू नका. सायकिअ‍ॅट्रिक सोशल वर्कर घरच्यांशी बोलतात, घर आणि हॉस्पिटल यांच्यातला दुवा होतात. मोठ्या हॉस्पिटलात हे पद असतं आणि कोणी त्यांच्याकडे जात नाही. तुम्ही जा. समुपदेशक ताण, नातेसंबंध, दुःख यांसाठी चांगले. पण भास, संशय, रात्ररात्र जागरण, आत्महत्येचे विचार असतील तर समुपदेशनापासून सुरुवात करू नका. आमचे दोन महिने त्यातच गेले.

आपल्या भागात कुठे जायचं? ठाण्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय १९०१ पासून आहे. राज्यात अशी सरकारी रुग्णालयं चारच: ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी. तिथे ओपीडी असते. गेलं म्हणजे भरतीच होतं असं नाही. कळव्याच्या महापालिकेच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात आणि नेरुळच्या डी. वाय. पाटील हॉस्पिटलात मानसोपचार विभाग आहेत. ही दोन्ही मेडिकल कॉलेजची हॉस्पिटलं असल्याने रक्त तपासणीसारखं बाकीचंही तिथेच होतं. ठाण्यातच डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये सुरू केलेली आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) ही मानसिक आरोग्यावर काम करणारी संस्था आहे. तिथलं काम मराठीतून चालतं आणि आईबाबांसारख्यांना ते सोपं जातं.

महाराष्ट्रभर कोणाची टिंगल करायची झाली की "ह्याला ठाण्याला पाठवा" म्हणतात. ठाण्यात जन्मलेल्या आम्हालाही ते ऐकून सवय झाली होती. बाबा त्या एका वाक्यापायी गेटपर्यंत जाऊन दोनदा परत आले. आत ओपीडीच्या बाकावर बसल्यावर दिसलं ते एवढंच, की केस पेपर हातात धरून बसलेली बाकीची माणसं आमच्यासारखीच होती.

४. बोलायचं कसं

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

"मला काही झालेलं नाही" हे तो हट्टाने म्हणत नसतो. काही आजारांत, विशेषतः स्किझोफ्रेनियात (भास-संशयाचा आजार) आणि बायपोलरच्या (कधी टोकाचा उत्साह, कधी नैराश्य) चढत्या काळात, आपण आजारी आहोत हे कळण्याची ताकदच आजार काढून घेतो. डॉक्टर त्याला 'इनसाइट नाही' म्हणतात. म्हणून पुरावे देऊन, वाद घालून, शपथा घालून काही होत नाही. "कोणी बोलत नाही रे तुझ्याबद्दल" हे मी शंभर वेळा म्हटलं असेल. त्याला एवढंच कळलं की ताईसुद्धा त्यांना सामील आहे.

मग डॉक्टरांनी मला एक वाट दाखवली. संशयाला हो म्हणायचं नाही आणि नाहीही म्हणायचं नाही. त्याच्या त्रासाला हो म्हणायचं. "तुला सतत कोणीतरी बघतंय असं वाटत असेल तर किती भीती वाटत असेल." एवढं बोलून गप्प बसायचं. पहिल्या दिवशी तो काहीच बोलला नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "ताई, मला झोप येत नाही गं."

तीच फट होती. त्याच्या मते त्याला आजार नव्हता, पण झोप नव्हती हे त्यालाही मान्य होतं. मी म्हटलं, "झोपेसाठी एका डॉक्टरांना भेटू या. ते मनोविकारतज्ज्ञ आहेत, हे तुला आधीच सांगते. मी त्यांना भेटून आले आहे. औषध घ्यायचं की नाही, ते तू त्यांच्याशी बोलून ठरव." चार दिवसांनी तो स्वतः म्हणाला, शनिवारी जाऊ. तुमच्या घरी ती फट वेगळी असेल. डोकेदुखी, कामात लक्ष न लागणं, भूक मेलेली असणं, नोकरी जाण्याची धास्ती. ती शोधा.

जे करून पाहिलं आणि अंगाशी आलं, तेही सांगते.

"आधार कार्ड अपडेट करायला जाऊ" म्हणून नेऊ नका. दवाखान्याची पाटी त्यालाही वाचता येते.

चहात गोळी विरघळवून देऊ नका. आमच्या घरात हा सल्ला तीन नातेवाइकांनी दिला आणि आईने दोन दिवस तो पाळला. ज्या माणसाला आधीच वाटतंय की जेवणात काहीतरी घालतात, त्याच्या जेवणात तुम्ही खरोखरच काहीतरी घालता. ते सापडलं की संपलं. आमच्याकडे सापडलं.

काका-मामा-आत्या-मेहुणे सगळे एकाच वेळी हॉलमध्ये बसवून त्याला मधे घेऊ नका. बोलायला एकच माणूस ठेवा, ज्याच्यावर त्याचा अजून भरवसा आहे. ती मावशी असेल, शाळेतला मित्र असेल, वहिनी असेल. घरच्यांनी मिळून बोलायचंच असेल तर फार तर तिघं, आणि आधी सोशल वर्कर किंवा डॉक्टरांबरोबर बसून कोण काय बोलणार ते ठरवा. टोमणे, जुनी उणीदुणी, "तुझ्यामुळे बहिणीचं लग्न अडलं" हे तिथे येता कामा नये.

व्यसन असेल तर बोलणं सकाळी, न घेतलेल्या वेळी. धमकी देऊ नका, स्वतः काय करणार ते सांगा: "तुझी उधारी यापुढे मी फेडणार नाही. ऑफिसात तुझ्यासाठी खोटं कळवणार नाही. पण उपचाराला जायचं म्हणशील तर मी त्याच दिवशी येईन." आणि जे बोललात ते करा. व्यसनी माणसाच्या घरच्यांसाठी अल-अ‍ॅनॉन नावाचे गट असतात, तिथे एकदा जाऊन बसा.

५. देवाचं आणि बाहेरचं

आम्ही कुलदैवताला दोनदा जाऊन आलो. त्याचा पश्चात्ताप नाही, आईला त्याने बळ मिळालं. पण गोळ्या बंद करा म्हणणारा, उपाशी ठेवणारा, धूर देणारा, भूत काढतो म्हणून मारणारा कोणीही असो, तिथून उठून या. जादूटोणाविरोधी कायदा राज्यात २०१३ पासून आहे आणि भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं हा त्याखाली गुन्हा आहे. आईला मी एवढंच म्हटलं, अंगारा लाव, पण गोळी दिल्यावर लाव.

६. घरी येऊन उचलून नेणाऱ्या गाड्या

ही गोष्ट आमच्या घरात घडली, म्हणून सविस्तर सांगते.

कोणीतरी बाबांना एका केंद्राचा नंबर दिला. फोनवरचा माणूस गोड बोलला: "काका, तुम्ही काळजी करू नका, आमची माणसं येऊन घेऊन जातील." कोणी डॉक्टरने माझ्या भावाला पाहिलेलं नव्हतं. सकाळी सहाला चार माणसं आली. त्याला बनियनवरच उचललं. तो आईला हाक मारत होता आणि आई स्वयंपाकघरात दार लावून बसली होती, कारण तिला तसं सांगितलं होतं. शेजारच्या काकू गॅलरीतून बघत होत्या. त्याचा चष्मा टेबलावर राहिला. पहिले पंधरा दिवस फोन नाही, भेट नाही, असा त्यांचा नियम. बावीस दिवसांनी आम्ही त्याला परत आणलं तेव्हा तो पहिला शब्द बाबांशी नाही, रिक्षावाल्याशी बोलला.

त्यानंतर पाच महिने तो आमच्या हातचं पाणीसुद्धा घेत नव्हता. आजार होता तो होताच, वर त्याचा संशय खरा ठरला होता.

म्हणून एखाद्या केंद्राशी बोलताना हे विचारा आणि उत्तरं लिहून घ्या. राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडची नोंदणी कुठे आहे? मनोविकारतज्ज्ञ कोण, आठवड्यातून किती वेळा येतात? भरतीच्या दिवशी कोण तपासणार? मी आत येऊन खोल्या पाहू शकते का? फोन आणि भेटीचा नियम काय? मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ मध्ये मंजूर झाला आणि २९ मे २०१८ पासून लागू आहे. त्यानुसार भरती असलेल्या माणसाला भेटायचा, फोनवर बोलायचा, स्वतःचे कपडे घालायचा हक्क आहे. सक्तीने डोकं भादरणं, साखळीने बांधणं, फुकट राबवणं याला बंदी आहे. "महिनाभर घरच्यांनी संपर्क करायचा नाही" असं ऐकलंत तर फोन ठेवून द्या. पेशंटला न बघता पॅकेज सांगणाऱ्याचाही.

७. थांबायला वेळच नसेल तेव्हा

जिवाला धोका असेल तर परवानगीची वाट बघत बसायचं नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानुसार अशा वेळी कोणताही नोंदणीकृत डॉक्टर ७२ तासांपर्यंत तातडीचे उपचार करू शकतो. जवळच्या मानसोपचार केंद्रात हलवणंही त्यात येतं. जवळचं माणूस हजर असेल तर त्याची संमती घेतली जाते. म्हणजे नेहमीचे फॅमिली डॉक्टर खाली क्लिनिकमध्ये असतील तर त्यांना आधी बोलवा. आम्ही दुसऱ्या वेळी तेच केलं.

रुग्णवाहिकेसाठी १०८, पोलिसांसाठी ११२. फोनवर पहिलं वाक्य हे म्हणा: "माझा भाऊ मानसिक आजारी आहे, तो गुन्हेगार नाही, त्याला हॉस्पिटलात न्यायला मदत हवी आहे." त्याच्या हाताशी काही हत्यार आहे का, तो कशाला घाबरतो, घरात लहान मूल आहे का, हे सांगा. पोलिसांना सायरन न वाजवता, शक्य असेल तर साध्या कपड्यांत यायची विनंती करा. या कायद्याखाली पोलिसांनी ताब्यात घेतलेल्या मानसिक आजारी माणसाला लॉकअपमध्ये ठेवता येत नाही. २४ तासांच्या आत सरकारी आरोग्य केंद्रात न्यावं लागतं.

निघण्याआधी हॉस्पिटलला फोन करून विचारा, मानसोपचाराचा बेड आहे का, रात्री डॉक्टर आहेत का. घोडबंदरच्या गर्दीतून तासभर जाऊन "बेड नाही" ऐकण्यासारखी दमवणारी गोष्ट नाही. गाडीत त्याच्या शेजारी ओळखीचं माणूस बसवा. आणि कुठे चाललो आहोत ते खरं सांगा, तो ओरडला तरी.

आत्महत्येचा प्रयत्न झाला असेल तर पोलीस केसच्या भीतीने घरी लपवू नका. हॉस्पिटल मेडिको-लीगल नोंद करेल, पोलीस येऊन जबाब घेतील, एवढं धरून चाला. पण २०१७ च्या कायद्याने असा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच मानलं जातं. आत्महत्येच्या प्रयत्नाला शिक्षा देणारं जुन्या दंडसंहितेतलं कलम ३०९ तर १ जुलै २०२४ पासून आलेल्या भारतीय न्याय संहितेत घेतलेलंच नाही.

८. भरती होताना कायदा काय म्हणतो

दोन प्रकार लक्षात ठेवा. पेशंट स्वतः तयार असेल तर तो स्वतंत्र पेशंट म्हणून भरती होतो आणि स्वतः सांगून घरी जाऊ शकतो. डॉक्टरांना धोका वाटला तर तपासणीसाठी २४ तास थांबवता येतं, जास्त नाही.

तो तयार नसेल आणि उपचाराचा निर्णय स्वतः घेण्याच्या स्थितीतही नसेल तर कलम ८९ खाली आधारासहित भरती होते, जास्तीत जास्त ३० दिवस. अर्ज त्याचा नामनिर्देशित प्रतिनिधी (त्याने आपल्या वतीने नेमलेलं माणूस) करतो. तो नेमलेला नसेल तर नातेवाइकाला ते काम करता येतं. एक मनोविकारतज्ज्ञ आणि दुसरे एक तज्ज्ञ किंवा डॉक्टर, दोघांनी त्याला वेगवेगळं तपासलेलं असावं लागतं. स्वतःला इजा, दुसऱ्याला इजा, किंवा स्वतःची देखभालच करता न येणं, यातला धोका त्यांना दिसावा लागतो. हॉस्पिटल सात दिवसांत मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला कळवतं, पेशंट स्त्री किंवा अल्पवयीन असेल तर तीन दिवसांत. ३० दिवसांपुढे ठेवायचं तर मंडळाची मंजुरी लागते. पेशंट मंडळाकडे दाद मागू शकतो आणि त्याला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. हे त्याला तुम्हीच सांगा. मी सांगितलं, तेव्हा आपल्याला कोंडलेलं नाही हे त्याला जरा पटलं.

"शॉक देणार का?" हे सगळेच विचारतात. ईसीटी, म्हणजे हाच विजेचा शॉक, ही तीव्र नैराश्यात उपयोगी पडणारी उपचारपद्धती आहे. भूल आणि स्नायू शिथिल करणारं औषध दिल्याशिवाय ती देणं कायद्याने बंद आहे. सुचवली तर घाबरून नाही म्हणू नका, का हवी ते विचारा.

९. पिशवीत काय भरायचं

एक कापडी पिशवी भरून दाराजवळच्या कपाटात ठेवा:

- पेशंटचं आणि तुमचं आधार कार्ड, रेशनकार्ड, प्रत्येकी तीन झेरॉक्स, पासपोर्ट फोटो
- मेडिक्लेमचं कार्ड आणि पॉलिसीची प्रत
- जुनी प्रिस्क्रिप्शनं, रक्ताचे रिपोर्ट, आधीची डिस्चार्ज समरी
- चालू गोळ्या मूळ पाकिटांसह
- ती वही
- नामनिर्देशनाचा कागद (अकरावा मुद्दा पाहा)
- दोन जोड कपडे, चपला, टूथब्रश, चष्मा. नाडीचा पायजमा किंवा पट्टा नको, वॉर्डात घेत नाहीत

मेडिक्लेमबद्दल: २०१७ च्या कायद्याने विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच धरायचं आहे. क्लेम नाकारला तर कारण लेखी मागा. ओपीडीचा खर्च बहुतेक पॉलिसींत बसत नाही, तो आधीच धरून चाला.

१०. घरी आल्यानंतरचे महिने

डिस्चार्जनंतरचे पहिले काही आठवडे सगळ्यात नाजूक असतात. आत्महत्येचा धोका याच काळात वाढतो. पुढची तारीख घेतल्याशिवाय वॉर्ड सोडू नका.

औषधाला वेळ लागतो. झोप आणि चिडचिड काही दिवसांत सुधारते, संशय आणि भास ओसरायला आठवडे जातात. नैराश्याच्या गोळ्यांचा गुण दिसायला दोन ते चार आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात. तोंड कोरडं पडणं, सुस्ती, वजन वाढणं, हातपाय कडक होणं हे खरे त्रास आहेत. "नखरे करू नको" म्हणू नका, डॉक्टरांना फोन करा, गोळी बदलता येते. लिथियम नावाची गोळी चालू असेल तर रक्तातलं त्याचं प्रमाण, थायरॉइड आणि किडनी ठरल्या वेळी तपासा. क्लोझापिन नावाचं औषध चालू असेल तर रक्तातल्या पांढऱ्या पेशींची तपासणी चुकवू नका. बरं वाटलं म्हणून गोळी मनाने बंद करणं, हे आजार उलटण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण आहे. रोज गोळी घेणं जमत नसेल तर काही आठवड्यांनी एकदा घ्यायचं इंजेक्शन असतं, त्याबद्दल विचारा.

आजार बराच काळ टिकला आणि काम करता येत नसेल तर दिव्यांग प्रमाणपत्र व यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) निघतं. मानसिक आजार २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात आहे, सवलतींसाठी ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व नोंदवलेलं लागतं. ही घाई करायची गोष्ट नाही.

तुमचं स्वतःचं काय? माझी आई वर्षभर त्याच्या खोलीबाहेर सतरंजी टाकून झोपली. पाठ गेली, साखर वाढली. रात्रीच्या पाळ्या लावा. शुभार्थींच्या, म्हणजे मानसिक आजार असलेल्यांच्या, घरच्यांचे स्वमदत गट असतात, तिथे कोणालाही सुरुवातीपासून समजावून सांगावं लागत नाही. बाबा पहिल्यांदा तिथेच रडले.

११. बऱ्या दिवसांत एक कागद लिहून घ्या

तो बरा असतानाच विचारा, "पुन्हा त्रास झाला तर आम्ही काय करावं असं तुला वाटतं?" कायद्यात याला जागा आहे. साध्या कागदावर सहीनिशी तो आपला नामनिर्देशित प्रतिनिधी नेमू शकतो. कसे उपचार हवेत, कसे नकोत, याचे अग्रिम निर्देशही लिहून पुनर्विलोकन मंडळाकडे नोंदवू शकतो.

माझ्या भावाने एका रविवारी ऐरोलीला माझ्याकडे जेवायला आल्यावर तो कागद लिहिला. प्रतिनिधी म्हणून माझं नाव घातलं. खाली स्वतःच्या अक्षरात आठ ओळी लिहिल्या. तीन रात्री झोपलो नाही तर ताईने डॉक्टरांना फोन करावा, मला सांगून करावा. त्या केंद्रात पुन्हा नाही. शेजाऱ्यांना आजोळी गेलाय असं सांगू नये, आजारी आहे म्हणावं. न्यायची वेळ आली तर बाबांनी बरोबर बसावं. शेवटची ओळ त्याने थोडा विचार करून लिहिली: माझा चष्मा घ्यायला विसरू नये.